मातीचा बैल

बेंदराला दोन दिवस उरले असताना विट्याच्या एका मराठी शाळेत, दुसरीच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून मी एक संबंध दुपार बसून काढली होती. खानापूर तालुक्याचे हे ठाणे पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडे. 1949 साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. पण जिल्ह्याचे दफ्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले म्हणून आभाळ काही बदलत नाही, आणि सह्याद्रीने अडवून धरलेल्या पावसाची वाट पाहण्याचा या मुलखाचा मामूल तसाच चालू राहिला. जेथे नांगरट पावसाच्या मर्जीवर आणि घरचा दाणागोटा नांगरटीवर अवलंबून असतो, तेथे बैलाच्या सणाला दिवाळीइतकी प्रतिष्ठा असावी यात नवल नाही. महाराष्ट्राच्या इतर भागांत श्रावणी अमावास्येला पोळा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आषाढातच बेंदूर होतो, खऱ्या बैलांची शिंगे हिंगुळाने रंगतात, आणि ज्याच्या दावणीला बैल नाही तो कुंभाराकडून मातीची जोडी आणून पाटावर मांडतो व तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो.

बाईंनी त्या दिवशी कुंभाराकडून दोन पाट्या मळलेली माती आणवली होती आणि ती वाळू नये म्हणून वर ओले गोणपाट टाकून ठेवले होते. मुले बस्करपट्टीवर ओळीने बसली; प्रत्येकाच्या वाट्याला पेरूएवढा गोळा आला. माझ्यासमोर बसलेल्या मुलीने आधी चार पाय वळले, ते फरशीवर उभे केले, आणि त्यांच्यावर पोटाचा गोळा ठेवताच चारही पाय चार दिशांना फाकून बैल खाली बसला. तिने त्याला दोनदा उभा केला, दोनदा तो बसला, तिसऱ्या खेपेस तिने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले, पाय पोटाखाली दुमडून टाकले आणि शेजारणीला सांगितले, "बसलाय त्यो. दमलाय." मग तिने तळहातांत मातीची वळी फिरवून शिंगे केली, थुंकी लावून ती डोक्याला चिकटवली, आणि उजव्या हाताच्या नखाने एकेक अर्धचंद्र दाबून डोळे उमटवले; नखाचा तो आकार असा पडला की डोळे मिटलेले वाटत होते, आणि दमून बसलेल्या बैलाचे डोळे मिटलेलेच असावयाचे हे तिला ठाऊक होते की ते नखानेच तिला सांगितले, हे मला आजही उमगलेले नाही.

तास संपला. माती दोनच पाट्या होती आणि पलीकडच्या तुकडीचा तास लगेच लागणार होता. म्हणून वरच्या वर्गातला एक मुलगा सांगितल्याप्रमाणे पाटी घेऊन आला आणि ओळीने एकेक बैल उचलून पाटीत टाकू लागला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ती मुलगी रडू लागली तेव्हा बाई तिच्याजवळ आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, माती कुठं गेली? ती काय, तिथंच आहे की." मुलीने पाटीकडे पाहिले आणि ती म्हणाली, "माती हाय. पर बैल कुठं हाय?"

हा प्रश्न मी त्या दिवसापासून मनात वागवीत आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, जे सांगतो, त्याच्या नेमके उलट बोलणे या सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून निघाले होते. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून, चोविसाव्या वर्षी, सर्व वेद पढून आणि त्याबरोबर बराचसा अहंकार घेऊन घरी आला होता. बापाने त्याच्या विद्येची परीक्षा पाठांतराने घेतली नाही. त्याने मातीचा एक गोळा दाखवला: हा एक जाणला की मातीची सगळी भांडी जाणल्यासारखी होतात, कारण घट, शराव, रांजण हे केवळ वाणीने दिलेले नाव, विकार तेवढा निराळा, आणि खरी ती माती. मग त्याने सोन्याचा दृष्टांत दिला, मग लोखंडाच्या नखे काढण्याच्या हत्याराचा. भारतीय तत्त्वज्ञानाच्या इमारतीतला हा एक पायाचा दगड आहे. शंकराचार्यांनी त्याच्यावर आपले अद्वैत उभे केले, आणि आपल्याकडे साधा कीर्तनकारसुद्धा घटाकाशाचा व मठाकाशाचा दाखला देतो तेव्हा त्याची मुळे याच मातीत रुजलेली असतात. बाईंना उपनिषद आठवले नसेल, पण त्यांनी मुलीला जे सांगितले ते उद्दालकाचेच तत्त्वज्ञान होते. आणि मुलीला ते पटले नाही.

तिला ते का पटले नाही, याचा विचार करताना विटा हे गाव विसरून चालणार नाही. कारण उद्दालकाचा दुसरा दृष्टांत, सोन्याचा, या गावाइतका दुसरीकडे क्वचितच कोणी हाताने जगला असेल. खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दुष्काळामुळे घरे सोडून केरळ-तमिळनाडूपासून बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेली, आणि तेथील सराफपेठांच्या आडगल्लीत भट्टी पेटवून त्यांनी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा उभारला. गलाई म्हणजे आटवून शुद्ध करणे. जुना, मोडका दागिना मुशीत घालून वितळवायचा. त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट होईल इतकी चांदी मिसळायची. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते दाणे तेजाबात उकळायचे. चांदी, तांबे सगळे त्यात विरघळून जाते आणि भांड्याच्या तळाशी एक तपकिरी भुकटी उरते, जिला अनोळखी माणूस चिखल म्हणून फेकून देईल. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटवली म्हणजे सोन्याची लगड तयार. त्या मुशीत कोणाच्या आजीची बोरमाळ जाते, कोणाच्या लग्नातली पाटली जाते, कोणा बाळाचे कडे जाते. गलाईवाल्याने त्या बोरमाळेकडे बोरमाळ म्हणून पाहून भागत नाही. त्याला तिच्यात टंच पाहावा लागतो, शेकडा किती सोने आणि किती भेसळ एवढेच मोजावे लागते. आकार हा त्याच्या दृष्टीने नाममात्र आहे, सोने तेवढे सत्य. उद्दालकाने हेच तर सांगितले होते.

तो धंदा सचोटीचा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. परमुलखात केवळ शब्दाच्या आणि कसाच्या भरवशावर दुसऱ्याचे सोने हाताळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण गलाईवाल्याच्या घरातही लग्नात सुनेच्या गळ्यात लगड घालीत नाहीत. तिथे सोने पुन्हा सोनाराकडे जाते, पुन्हा आकार घेते, आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या या कोणत्याही लगडीपेक्षा अधिक सत्य ठरतात, निदान जिच्या गळ्यात त्या पडतात तिच्यासाठी. म्हणजे ज्या माणसांना सोन्याचे सत्त्व सर्वांहून जास्त कळते, त्यांनाही आकाराचे सत्य मान्य करावे लागते.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर ज्ञानेश्वरांनी दिलेले आहे. 'अमृतानुभवा'त त्यांनी अज्ञानाचे जे खंडन केले, त्याचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे असा की जग हे सत्यावर पडलेले पटल नव्हे, तर सत्याचाच विलास होय. चैतन्याला स्वतःकडे पाहण्याची, स्वतःशी खेळण्याची हौस झाली आणि तो खेळ म्हणजे हे विश्व. पुढच्या अभ्यासकांनी या विचाराला चिद्विलासवाद असे नाव दिले. ज्ञानेश्वरांच्या दृष्टीने सोने दागिना झाले म्हणून सोन्यात काही उणे आले नाही. इतकेच नव्हे, तर दागिना होणे हे सोन्याचे ऐश्वर्य आहे. त्यांचा हा विचार आणि मायावाद्यांचा विचार यांत अंतर किती, यावर पंडितांचा वाद आहे आणि तो मी येथे उकरून काढणार नाही. मला एवढेच जाणवते की दुसरीच्या वर्गातली ती मुलगी, तिला न विचारता, ज्ञानेश्वरांच्या बाजूला उभी होती. तिच्या दृष्टीने मातीने बैल व्हावे हा मातीचा सन्मान होता. आणि दमून बसलेला, मिटल्या डोळ्यांचा तो विशिष्ट बैल जगात पूर्वी कधी नव्हता आणि पुन्हा कधी होणार नाही. तो मातीत परत मिसळल्याने माती वाचली खरी, पण जगातून एक वस्तू गेली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. लहान मुलांच्या हस्तकलेत वस्तूला महत्त्व नसून ती करताना मुलाला जे मिळते त्याला महत्त्व आहे, असे शिक्षणशास्त्र सांगते. आणि शिक्षणशास्त्राच्या कित्येक शतके आधी तेच ऐतरेय ब्राह्मणाने सांगितलेले आहे. तेथे शिल्पांचा उल्लेख येतो: हत्ती, कांसे, वस्त्र, सोने, खेचरांचा रथ, ही मनुष्यांची शिल्पे म्हणजे देवांच्या शिल्पांची अनुकृती, आणि शिल्प हा करणाऱ्याच्या आत्म्याचाच संस्कार होय, असा त्या वचनाचा भाव आहे. पैकी वस्त्र आणि सोने ही दोन शिल्पे विट्याची म्हणून प्रसिद्ध आहेत. यंत्रमागांची खडखड या शाळेच्या खिडकीतून दिवसभर ऐकू येते. मग जर शिल्पाचे फळ करणाऱ्याच्या अंतःकरणात पडत असेल, तर मुलीचा बैल मोडला काय आणि राहिला काय, तिचा संस्कार तर होऊन गेला! तिने पाय फाकलेले पाहिले, विचार केला, बैलाला बसवले. हा शोध तिच्यापासून कोणत्याही पाटीला काढून घेता येणार नाही.

हा युक्तिवाद मला बराच काळ निरुत्तर करीत असे. पुढे एका श्रावणी सोमवारी कोणाच्या तरी घरी पार्थिव पूजा पाहताना त्यातली चूक माझ्या ध्यानी आली. यजमानाने माती मळली, तिचे लिंग केले, त्यात प्राणप्रतिष्ठा केली, षोडशोपचारांनी पूजा केली, आणि मग उत्तरपूजा करून, निरोप देऊन, त्या मातीचे विसर्जन केले. आपल्या धर्माने वस्तूचे नश्वरत्व मान्य केलेले आहे, अगदी देवाच्या मूर्तीचेसुद्धा. गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, तो पाण्यातच जातो. पण त्या नश्वरत्वाचा एक क्रम आहे. आधी आवाहन, मग पूजा, मग उत्तरपूजा, मग विसर्जन. आणि विसर्जन करणारा हात तोच, ज्याने आवाहन केले. या क्रमातली एकही पायरी गाळली की उरते ते विसर्जन नव्हे, मोडतोड होय. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही, कारण दोन्हींत माती मातीला मिळते. मुलीच्या बैलाला कोणी पाहिले नव्हते, त्याला कोणी हळदकुंकू लावले नव्हते, आणि तो पाटीत गेला तो परक्या हाताने. नश्वरतेबद्दल तिची तक्रार नव्हती. सात वर्षांच्या मुलाला नश्वरतेचे ज्ञान आपण समजतो त्याहून पुष्कळ असते, त्याच्यासमोर करडे मरते, आजोबा जातात, पावसात घर गळते. तिची तक्रार होती ती निरोपाच्या अभावाबद्दल.

गीतेतल्या निष्काम कर्माचा आधार घेऊन पुष्कळ वेळा मुलांना सांगितले जाते की करीत जा, फळाकडे पाहू नका. मला वाटते, या उपदेशाचा येथे विपर्यास होतो. फळाचा त्याग हा ज्याच्या हाती फळ आले आहे त्यानेच करावयाचा असतो; दुसऱ्याने ते हिसकावून घेतले तर त्याला त्याग हे नाव देता येत नाही.

मोडतोडीचा आणखी एक प्रकार आहे, जो पाटीहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक सर्वत्र पसरलेला आहे: तो म्हणजे शेरा. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा आल्यानंतर महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली, आणि कला, कार्यानुभव अशा विषयांत मुलाला वर्षअखेरच्या लेखी परीक्षेला न बसवता, वर्षभर त्याचे निरीक्षण करून शिक्षकाने नोंदी कराव्यात असे ठरले. हेतू अत्यंत स्तुत्य होता. पण रात्री घरचे आटोपून चाळीस मुलांची नोंदवही पुढे ओढणाऱ्या शिक्षकाच्या लेखणीतून शेवटी काय उतरते? चित्रात सुबक रंग भरतो, मातीकामात रस घेते, कल्पकता आहे. चाळीस निराळे बैल, आणि नोंदी फिरून फिरून याच तीन. ही देखील गलाईच आहे: आकार वितळला आणि टंच तेवढा हाती राहिला. 'दमून बसलेला बैल केला; डोळे नखाने मिटवले' ही एकच ओळ त्या वहीत लिहिली गेली असती तर ती नोंद झाली असती, आणि मी म्हणेन, ती एक लहानशी पूजाही झाली असती; कारण पूजेत मुळात काय असते? समोरच्या वस्तूकडे, ती जशी आहे तशी, अवधान देऊन पाहणे. आपण मूर्तीचे दर्शन घेतो म्हणतो, परीक्षण केले म्हणत नाही.

परीक्षणाच्या बाजूने मराठी परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध दाखला गोरोबाकाकांचा आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून तेरच्या या कुंभाराने थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर मारून मडके पक्के की कच्चे ते पाहिले. सगळे निमूट बसले, नामदेव मात्र रागावले, आणि मडके कच्चे असा निर्णय झाला. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले ही कथा सर्वश्रुत आहे. माझ्या लहानपणी ही कथा मला नामदेवांच्या फजितीची वाटे. पण कुंभाराच्या आव्यापाशी जो कधी बसला असेल त्याला ठाऊक असते की कच्चेपणा हा मडक्याचा दोष नव्हे. थापटणे कच्च्या मडक्यालाच लागू पडते. बाहेरून थापटणे बसत असते तेव्हा आतून दुसऱ्या हाताने गोटा धरलेला असतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये भिंत पातळ होते, पोट मोठे होते. भाजून निघालेल्या मडक्यावर थापटणे मारून आकार बदलत नाही, खापऱ्या होतात. कच्चे म्हणजे ज्याचे अजून काही होऊ शकते असे. शाळेत मात्र थापटणे असते आणि आतला गोटा धरायला पुष्कळदा हात मोकळा नसतो, कारण तो हात नोंदवही भरण्यात गुंतलेला असतो.

शाळेतल्या हस्तव्यवसायाबद्दलचा हा वाद महाराष्ट्राच्या भूमीवर एकदा मोठ्या प्रमाणावर झडून गेला आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीम जन्मास आली. हाताच्या उद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफावे हा तिचा प्राण होता. आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च काही अंशी तरी भागावा, ही त्यातली सर्वांत वादग्रस्त बाब होती. वर्ध्याजवळच्याच सेवाग्रामात शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 साली कलाशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तेथे अनेक वर्षे मुलांच्या चित्रांचा अभ्यास केला. टकळीच्या सुताचे वजन करता येते, ते विकता येते. मुलाच्या चित्राचे वजन कशाने करणार? माझ्या मते नयी तालमीतला सर्वांत मोलाचा भाग हाच की तिने चात्याला आणि कुंचल्याला एकाच छपराखाली जागा दिली.

आणि विट्याच्या शेजारचे औंध? ते तर चित्रकारांचे संस्थान. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढीत. त्यांनी रामायणाची चित्रे रंगवली, आणि 1938 साली औंधच्या डोंगरावर संग्रहालय उघडले ते आजही रविवर्म्याची चित्रे जपून आहे. त्यांच्याच आश्रयाने श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास येऊन राहिले होते, ज्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले, ज्यांनी पोटासाठी तसबिरी रंगवल्या, आणि ज्यांनी नंतरचे सगळे दीर्घ आयुष्य वेदांच्या अर्थाला वाहिले. रंगांतून ऋचांकडे गेलेल्या या माणसाला ती वाट बदलल्यासारखी वाटली असेल असे मला वाटत नाही. औंध संस्थानच्या आटपाडी महालातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर, ज्यांनी 'बनगरवाडी'त एका शाळामास्तराची गोष्ट सांगितली, तेही रेषेवर तितकेच प्रेम करीत. दुष्काळी मुलखात माणसे आकारावर एवढा जीव का लावतात, याचे कारण मी सिद्ध करू शकणार नाही, पण जिथे डोळ्यांना हिरवे क्वचित दिसते तिथे हात ते करू पाहतो, असे मनात येते खरे.

त्या वर्गाच्या भिंतीवर दसऱ्यानंतर काढलेली चित्रे अजून लावलेली होती. विट्यात दसऱ्याला देवाच्या पालख्यांची शर्यत होते. रेवणसिद्धाचा जयघोष करीत माणसे पालखी खांद्यावर घेऊन धावतात आणि सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना उभा राहतो. त्यातले एक चित्र मी फार वेळ पाहिले. त्यात पालखी कागदाच्या अगदी वरच्या कडेला, निम्मी कापलेली, आणि उरलेला सगळा कागद पायांनी भरलेला: अनवाणी, धोतराचे, विजारीचे, एकमेकांवर चढलेले शंभर पाय. चेहरा एकही नाही, देव तर नाहीच. ज्याने ते काढले तो गर्दीत मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीवर उभा होता आणि त्याला शर्यत तशीच दिसली होती. रेवणसिद्धाला नाथपंथी नवनाथांत मोजतात, वीरशैव त्यांना आपल्या पंचाचार्यांत मोजतात; त्यांच्या रेणावीच्या देवळात दोन्हीकडचे लोक डोके टेकतात. पण देव धावतो तेव्हा तो पायांनी धावतो, आणि ते पाय माणसांचे असतात, एवढे तत्त्वज्ञान त्या कागदावर कोणत्याही पंथाच्या आधाराशिवाय उतरले होते.

बेंदराच्या त्या दुपारी आणखी एक मुलगा होता, मुसलमान घरातला. त्याने बैल केला नाही. त्याने जू केले, त्यात काडीच्या शिवळा खोचल्या, मग दोन चाके आणि एक लांब धुरा. त्याच्या घरी जिवंत प्राण्याची आकृती करू नये असे सांगितले होते की त्याला मुळात गाडीच आवडे, हे बाईंनी त्याला विचारले नाही आणि मीही विचारले नाही; त्यांनी फक्त शेजारच्या मुलाचा बैल त्या जुवाजवळ सरकवून ठेवला. मूर्ती करावी की करू नये, या प्रश्नावर धर्माधर्मांत जे महाभारत झाले आहे ते सर्वांना माहीत आहे. खुद्द हिंदू परंपरेतही स्थावर मूर्ती नाकारून तळहातावरच्या इष्टलिंगात देव पाहणारा मोठा समाज याच टापूत राहतो. वर्गात मात्र त्या प्रश्नाचा निकाल लावण्याची गरज पडली नाही, कारण बैलाला जू हवेच होते.

पुढच्या वर्षी बेंदराच्या आधी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंनी माती या खेपेस चार पाट्या मागवली होती. पलीकडच्या तुकडीची माती निराळी होती, आणि बैल खिडकीच्या कट्ट्यावर दोन दिवस वाळत राहिले. बेंदराच्या सकाळी मुलांनी आपापल्या बैलाला हळदकुंकू लावले, कोणी गूळ आणला होता, कोणी पुरणपोळीचा तुकडा. ज्याला नमस्कार करायचा त्याने केला, ज्याला नुसते पाहायचे त्याने पाहिले. मग बाईंनी सांगितले की ज्याला बैल घरी न्यायचा त्याने न्यावा, आणि ज्याला माती परत द्यायची त्याने या बादलीत आपल्या हाताने सोडावी, ती पुढच्या वर्षी लागेल. बहुतेकांनी बैल दप्तरात घातले.

ती मुलगी आता तिसरीत होती. तिच्या वर्गानेही बैल केले होते आणि तिचा या वर्षीचा बैल उभा होता; तिने खराट्याच्या चार काड्या आत घालून पाय केले होते. ती बैल घेऊन बादलीपाशी आली आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून राहिली. कोरडी कच्ची माती पाण्यात बुडाली की तिच्यातली हवा बुडबुड्यांनी वर येऊ लागते. आधी शिंगे ढिली झाली, मग कान, मग पाठ बारीक बारीक पापुद्र्यांनी सुटू लागली, आणि बुडबुडे बराच वेळ येत राहिले. ते थांबेपर्यंत तिने हात हलवला नाही. शेवटी पाणी गढूळ झाले तेव्हा तिने तळाशी चाचपून चारही काड्या शोधून काढल्या, फ्रॉकला पुसल्या, आणि कंपासपेटीत ठेवून दिल्या.